वरची कडी

गुरुवारी सकाळी बाब बुजलूदच्या निळ्या कमानीखालून आत शिरल्यापासून पंधरा मिनिटांत जाफर स्कल्लीला सहा जणांनी सांगितलं की पुढचा रस्ता बंद आहे. सहाही जणांनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. रस्ता अर्थातच बंद नव्हता. गॅसचे सिलिंडर लादलेली खेचरं, कोंबड्यांचे पिंजरे, शाळेला उशीर झालेली पोरं, सगळी वरात त्याच रस्त्यानं खाली चालली होती. पण पाठीला सॅक आणि पायांत पांढरे बूट असलेला माणूस दिसला की मोरोक्कोतल्या या फेझमधले रस्ते फक्त त्याच्यापुरते बंद होतात, आणि ते उघडून द्यायला कोणीतरी लगेच पुढं येतो.

"मी इथलाच आहे," जाफर सहाव्याला अरबीत म्हणाला.

"वा, मुस्यू! अरबी छान बोलता," सहावा म्हणाला. "कुठं शिकलात?"

जाफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच शहरात तो जन्मला होता. दहा वर्षांचा होईपर्यंत याच उतारावरून चपला हातात घेऊन पळाला होता. मग बापानं त्याला आणि त्याच्या आईला फ्रान्सला, ल्योंला नेलं, आणि तिथं तेहतीस वर्षं गेली. तो तिथं लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा-बारा मजल्यांच्या इमारतींत अंधाऱ्या विहिरीत लोंबकळून बिघाड शोधणं हा त्याचा धंदा, आणि आजवर त्याला न सापडलेला बिघाड नव्हता. इथं मात्र त्याला साधं एक घर सापडत नव्हतं, आणि त्यातून हे लोक त्याला चामडं कमावायचे हौद दाखवायला निघाले होते.

घर त्याच्या आत्याचं होतं. बतूल आत्या, बापाची धाकटी बहीण.

बाप, अब्देलवाहेद, या वसंतात गेला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्याला बोलताना धाप लागायची, तरी एक गोष्ट त्यानं तीन वेळा सांगितली. "बतूलकडं जा. माझ्या वतीनं माफी माग. तिच्यासमोर उभा राहून माग, फोनवर नको. 'माफ केलं' असं तिच्या तोंडून ऐकून ये."

कशाची माफी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. बतूलचं लग्न ठरलं होतं. मुलगा पितळेची भांडी घडवणारा, कासम नावाचा, तिच्या मनातला. तेव्हाच्या कायद्यानं मुलीच्या बाजूनं बापानं नाहीतर भावानं उभं राहायचं, त्याशिवाय करार लिहिला जात नसे. बतूलचा बाप हयात नव्हता. भाऊ एकच, तो ल्योंमध्ये. तारीख ठरली, करार लिहिणारे दोघे येऊन बसले, मिठाईची ताटं मांडली गेली, आणि भावाचं पत्र आलं की कारखान्यात रजा मिळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात येतो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला नाही. कासमच्या घरच्यांनी दोन उन्हाळे वाट पाहिली आणि दुसरीकडं जमवलं. बतूलनं नंतर लग्नाचं नाव काढू दिलं नाही.

बाप त्यानंतर एकदाच फेझला गेला होता, अकरा वर्षांपूर्वी, एकटा. चार दिवसांनी परत आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "गेलो होतो. घरी नव्हती." एवढंच. त्याच्याकडून शब्द काढणं म्हणजे विहिरीतून दगड काढणं. त्याचं अस्तित्व शब्दांपेक्षा खाकरण्यातच जास्त होतं. प्रत्येक दाराशी तो दोनदा खाकरायचा, एक लहान, एक लांब, आत बायका असतील तर त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. ल्योंच्या दोन खोल्यांत आई सोडून बाईमाणूस नव्हतं, तरी तो स्वयंपाकघराच्या दाराशीही खाकरायचा.

आत्याचा जुना फोन लागत नव्हता. जाफरला रजा मिळाली चार दिवसांची. शुक्रवारी दुपारी पावणेचारची कासाब्लांकाची गाडी, शनिवारी पहाटे विमान. म्हणजे हातात दीड दिवस.

चाळीस मिनिटं आणि चार चुकीच्या वळणांनंतर त्याला दर्ब लारंज ही गल्ली सापडली. गल्लीच्या तोंडाशी निळ्या फरशांचा पाणवठा होता, नळ कोरडा. याच नळाला तोंड लावून तो पाणी प्यायचा. आता फक्त डाव्या हाताचं तिसरं दार.

तिसरं दार नवंकोरं होतं. पॉलिश केलेलं, शेजारी पितळी पाटी, कुंडीत बोगनवेल. पर्यटकांसाठी हॉटेल. जाफरनं पुन्हा मोजलं. मधे एक दार विटांनी बुजवलेलं दिसत होतं, ते मोजायचं की नाही? ते मोजलं तर आत्याचं घर म्हणजे हे हॉटेल, नाही मोजलं तर पुढचं दार. पुढचं दार जुनं, देवदाराचं, खिळ्यांच्या रांगा असलेलं. त्यावर दोन कड्या. एक वर, वीतभर रुंद लोखंडाची, आणि एक खाली, दारातल्या छोट्या दरवाज्यावर, बांगडीएवढी. जाफरचा हात खांद्याच्या उंचीला गेला आणि त्यानं वरची कडी धरून ठोकली. आवाज गल्लीभर घुमला.

"घरात कोणी नाही!" आतून बाईचा आवाज आला.

सकाळपासून सगळ्यांशी फ्रेंचमध्ये भांडून जाफरची जीभ तिकडंच वळलेली होती. "पार्दों, मादाम," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पलीकडचं दार! पलीकडचं!" आवाज कडाडला. "हॉटेल पलीकडं आहे मेल्यांनो, किती वेळा सांगायचं! दिवसभर ठोकून ठोकून दार खिळखिळं केलंत!"

"नाही, मी हॉटेलसाठी नाही…" जाफरनं अरबीत सुरुवात केली.

"मग दलाल असशील. घर विकायचं नाही. घरात कोणी नाही म्हणतेय ना!"

वरची खिडकी आपटून बंद झाली आणि रेडिओचा आवाज वाढला. जाफरनं आणखी तीन वेळा कडी वाजवली. कोणी हूं की चूं केलं नाही.

तो पायरीशी उभा राहून चरफडला. घरात कोणी नाही, असं घरातूनच ओरडून सांगणाऱ्या बाईशी बोलायचं तरी काय? त्यानं बिघाड शोधायच्या सवयीनं डोकं चालवलं. बतूल आत्या मऊ बोलायची. कुसकुसचा रवा चाळताना गुणगुणायची. हा आवाज म्हणजे फाटका पत्रा. शिवाय ही बाई म्हणते, कोणी नाही. म्हणजे ही भाडेकरू असणार, किंवा मोलकरीण, किंवा आत्यानं घर कधीच सोडलं असणार. बापालाही ती घरी सापडली नव्हती, ते काय उगाच? हिशेब चोख बसला. चुकीचे हिशेब नेहमीच चोख बसतात, हे लिफ्टवाल्याला तरी कळायला हवं होतं.

पाणवठ्याशेजारी मआती नावाच्या म्हाताऱ्याचं किराणा दुकान होतं. तो ऑलिव्ह तोलत होता.

"काका, बतूलबाई स्कल्ली हल्ली कुठं राहतात?" जाफरनं विचारलं.

मआतीनं तराजू खाली ठेवला. ऑलिव्ह घ्यायला आलेल्या दोन बायकांनी माना वळवल्या.

"कोण तुम्ही?"

"भाचा. त्यांच्या भावाचा मुलगा."

"असं?" मआतीनं त्याला बुटांपासून सॅकपर्यंत न्याहाळलं. "मागच्या महिन्यात एक भाचा आला होता. त्याच्या आधी एक चुलतभाऊ. खिशात सगळ्यांच्या मोजपट्टी होती. तुझीही दाखव."

"अहो, मी खरंच…"

"आणि हे बघ. भररस्त्यात बाईमाणसाचं नाव घेऊन चौकशी करायची पद्धत तुझ्या गावात असेल. आमच्याकडं नाही. अमक्याचं घर कुठं, असं विचारतात. हिची-तिची नावं घेत नाहीत."

"बरं, मग अब्देलवाहेद स्कल्लींचं घर कुठं?"

"आता आठवलं होय? मी सांगून दिल्यावर?" मआतीनं तराजू पुन्हा उचलला. "ऑलिव्ह घ्यायचे असतील तर घे. नाहीतर उजेड सोड."

बायका हसल्या. जाफर कान लाल करून बाहेर आला, आणि बाहेर हमीद उभा होता.

हमीद म्हणजे सकाळचा सहावा. पन्नाशीचा, वाळकुडा, पिवळ्या सपाता. तो सकाळपासून दहा पावलं अंतर राखून मागं होता. "मी म्हटलं होतं ना मुस्यू, तिकडं बंद आहे," तो म्हणाला. "कोण हवंय? मला सांगा. फेझमध्ये मला ठाऊक नाही असा माणूस अजून जन्मायचाय."

इथं जाफरनं हात टेकले. दिवस सरत होता आणि त्याला कोणीतरी हवं होतं. त्यानं हमीदला सगळं सांगितलं. हमीद गंभीर झाला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बापाची शेवटची इच्छा. याच्यात मी पैसे घेणार नाही. आपण आधी मुकद्दमकडं जाऊ. मोहल्ल्यात कोण कुठं राहतो ते मुकद्दमला विचारावं."

मुकद्दमकडं जायचा रस्ता गालिच्यांच्या दुकानातून गेला. तिथं पुदिन्याचा चहा प्यावा लागला, कारण नाही म्हटलं तर दुकानदार दुखावतो. मग रस्ता सपातांच्या दुकानातून गेला. तिथंही चहा. मग हमीदच्या मेहुण्याच्या गच्चीवर, जिथून चामड्याचे हौद दिसतात. मेहुण्यानं जाफरच्या हातात पुदिन्याची काडी दिली, नाकाशी धरायला.

"मला हा वास ठाऊक आहे!" जाफर ओरडला. "माझे आजोबा इथं काम करायचे!"

"सगळे असंच म्हणतात," मेहुणा समजूतदारपणे म्हणाला.

चहाचे पाच ग्लास पोटात घेऊन ते मुकद्दमच्या खोलीपाशी पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारचा न्हावी म्हणाला की मुकद्दम भाचीच्या लग्नाला सेफ्रूला गेलाय, सोमवारी येईल. जाफर भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडूच यायचं राहिलं होतं. लग्न, तेही भाचीचं, आणि बरोबर आजच.

"उद्या मिळेल तुमची बतूल," हमीद म्हणाला. "शब्द देतो."

हमीदनं शब्द पाळला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्यानं जाफरला रसीफ भागातल्या एका घरात नेलं. आत ऐंशीच्या घरातली एक आजी भरतकामाचा ढीग मांडून बसली होती.

"ही घ्या बतूल," हमीद म्हणाला.

"ही माझी आत्या नाही!"

"बतूल हवी होती ना? हिचं नावच बतूल."

"मुला, हा टेबलक्लॉथ बघ," आजी म्हणाली. "आत्याला शोभून दिसेल."

जाफरनं टेबलक्लॉथ विकत घेतला. का घेतला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक आजी निदान त्याच्याशी अरबीत बोलली म्हणून. मग हमीदनं आणखी दोन बतूल दाखवल्या. एक सहा वर्षांची होती.

"आता पुरे!" जाफर गल्लीत उभा राहून किंचाळला. "तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा चालवली आहे. माझं गाव आहे हे! माझं! बापानं एक काम सांगितलं, एकच, आणि तुम्ही लोक मला गालिचे दाखवताय!"

"ओरडू नका मुस्यू, शुक्रवार आहे," हमीद हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड पडलेलं दिसलं. "मीही काय करू? लोक तुमच्याकडं बघतात आणि दार लावून घेतात. तुमच्या बुटांकडं बघा की जरा."

जाफरनं बुटांकडं पाहिलं. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. दुकानांच्या फळ्या पडत होत्या, पुरुष पांढरे झगे घालून मशिदीकडं निघाले होते, घराघरातून कुसकुसच्या वाफेचा वास येत होता. साडेबारा वाजले होते. आता लॉजवर जायचं, सामान उचलायचं, गाडी पकडायची. मग शनिवारी आईला काय सांगायचं? बापानं सांगितलं होतं तेच. गेलो होतो, घरी नव्हती. बापलेक दोघेही सारखेच निकामी निघाले. जाफरला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं टेबलक्लॉथची पिशवी पायानं दूर ढकलली.

तेवढ्यात समोरच्या दाराशी टोप्यांचा एक घोळका येऊन थांबला. दहाबारा फ्रेंच पर्यटक, आणि पुढं गळ्यात बिल्ला अडकवलेला सरकारी परवान्याचा गाईड. जाफरनं कपाळाला आठ्या घातल्या. याच लोकांपायी तो दोन दिवस मार खात होता. उठून जायचं म्हटलं तर त्यांनी गल्लीच अडवलेली.

"आता हे दार बघा," गाईड पाठ केलेल्या सुरात म्हणाला. "कड्या किती? दोन. वरची मोठी, ती परक्यांसाठी. पाहुणा, सरकारी माणूस, घोड्यावरून आलेला. खालची लहान, ती घरच्यांसाठी. आतल्या बाईला आवाजावरूनच कळतं, आपलं आलंय की परकं."

त्यानं दोन्ही कड्या हळूच वाजवून दाखवल्या. एक जाड, एक बारीक. फोन वर झाले.

"आणि घरात पुरुष नसताना वरची कडी वाजली, तर बाई दार उघडत नाही. ती आतूनच ओरडते…" गाईडनं बायकी आवाज काढला. "'घरात कोणी नाही!'"

घोळका खिदळला. चष्मा लावलेल्या एका बाईनं विचारलं, "पण ती स्वतः आहे ना घरात?"

"आहेच की, मादाम. पण परक्यासाठी नाही."

जाफर उठून उभा राहिला. लहानपणी टाचा उंच करूनही त्याचा हात वरच्या कडीला पोचत नसे. तो खालचीच वाजवायचा, दोनदा पटपट आणि मग थांबून एकदा, आणि आतून आत्या ओरडायची, "आले रे, आले!" हे त्याला ठाऊक होतं. हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. तेहतीस वर्षांत हात खांद्याच्या उंचीला जाऊन पोचला, आणि काल तो हात सरळ परक्याच्या कडीवर पडला. आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगावी? पर्यटकांच्या टाळ्या घेत सांगणाऱ्यानं!

"गाढव," तो मोठ्यानं म्हणाला. गाईडनं वळून पाहिलं. "तुम्ही नाही. मी."

आणि तो पळत सुटला.

"मुस्यू! मुस्यू, तिकडं खरंच बंद आहे!" हमीद मागून ओरडला. "नमाजाची गर्दी आहे!"

या वेळी ते खरं होतं. मशिदीबाहेर चटया अंथरून माणसांच्या रांगा बसलेल्या होत्या, गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेली. जाफरला थांबावं लागलं. प्रवचन संपेना. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, मनातल्या मनात शिव्या देत, आणि शुक्रवारी मशिदीसमोर शिव्या देतो म्हणून वर स्वतःलाच आणखी एक. नमाज सुरू झाला तेव्हा कडेच्या म्हाताऱ्यानं चटईवर सरकून जागा केली आणि काही न बोलता त्याच्याकडं पाहिलं. जाफरनं बूट काढले. रांग सुटली तेव्हा सव्वा वाजून गेला होता आणि बूट सापडेनात. कोणीतरी चुकून नेले असावेत, किंवा न चुकता. शोधायला वेळ नव्हता. तो मोज्यांवरच उतारानं धावत निघाला.

पाणवठ्याशी मआती दुकान बंद करत होता. त्यानं मोज्यांवर धावणारा माणूस पाहिला आणि हातातली फळी तशीच धरून बघत राहिला.

चौथं दार. जाफरनं श्वास घेतला. वरची कडी त्याच्या समोरच होती. तो वाकला. बराच वाकावं लागलं, जवळजवळ गुडघ्यांवर यावं लागलं. खालची कडी एका बाजूला झिजून पातळ झाली होती. त्यानं ती दोन बोटांत धरली आणि वाजवली. दोनदा पटपट. मग थांबून एकदा.

आत काहीतरी पडलं, ताट किंवा झाकण. मग सपातांचा आवाज आला, घाईघाईचा. कोण आहे, असं कोणी विचारलं नाही. अडसर निघाला, छोटा दरवाजा आत ओढला गेला, आणि वाकलेल्या जाफरच्या समोर एक बाई उभी राहिली. साठीची, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत हाताला रव्याचे दाणे.

"जाफर?" फाटक्या पत्र्याच्या आवाजात ती म्हणाली.

"आत्या."

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याच्या गालाला, कानाला रवा लागला. "एवढा केवढा झालास! बूट कुठं आहेत तुझे?" मग तिनं हात मागं घेतले. "थांब. काल फ्रेंच बोलत वरची कडी ठोकणारा तू होतास?"

"हो. मला आठवलंच नाही, आत्या. मी विसरलो. मला माफ…"

"तुझ्या घराण्यालाच वरच्या कडीचा शौक," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा श्वास चढला होता. "तुझा बापही आला होता. सांगितलं त्यानं तुला?"

"तुम्ही घरी नव्हतात, असं म्हणाला."

"होते मी. अशीच रवा चाळत होते. वरची कडी वाजली, आणि मग खाकरणं. एक लहान, एक लांब. माझ्या भावाचं खाकरणं मला ओळखू येणार नाही? याच घरात जन्मलेला माणूस, आणि सरकारी माणसासारखी वरची कडी वाजवतो! लाज वाटली असेल त्याला, खालची वाजवायची. मला राग आला. एवढ्या वर्षांनी आलास, तो परका होऊन? मग परक्याला देतात तेच उत्तर घे. मी म्हटलं, घरात कोणी नाही."

जाफरनं खालच्या कडीकडं पाहिलं.

"त्यानं पुन्हा वाजवली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा नुसताच खाकरला. मी इथं, या इथं उभी होते, हात अडसरावर. म्हटलं, एकदा खालची वाजव. एकदा वाजव, मेल्या, उघडते. आणि तो गेला." तिनं फडक्याच्या टोकानं डोळे पुसले, तिथंही रवा लागला. "अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कोणी खालची वाजवली की हातातलं टाकून पळते मी. नेहमी शेजारीण असते, कोथिंबीर मागायला."

"आत्या, बाबांनी मला पाठवलंय," जाफर म्हणाला. ल्योंपासून घोकत आणलेली वाक्यं त्यानं सुरू केली. "त्यांनी माफी…"

पण ती ऐकत नव्हती. तिनं 'पाठवलंय' एवढंच ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं त्याच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडं मान वाकवली, पाणवठ्यापाशी, जिथं वळण होतं.

"पाठवलंय ना? मला वाटलंच. तुला पुढं घातलं आणि स्वतः कोपऱ्यावर उभा राहिला. तो तसाच, लहानपणापासून." ती हसत होती, आणि हात झटकून रवा काढत होती. "जा, बोलाव त्याला. जेवण गरम आहे. कडीबिडी वाजवू नको म्हणावं. म्हणावं, घरात आहे मी."